जुन्या विणलेल्या कपड्यांचा पुनर्वापर

जुन्या विणलेल्या कपड्यांचा पुनर्वापर म्हणजे हाताने विणलेले पण वापरातून बाद झालेले स्वेटर, शाली, मफलर, कानटोप्या इत्यादी कपडे उसवून, कापून, आटवून किंवा दुसऱ्या कापडांत मिसळून त्यांपासून घरगुती उपयोगाच्या वस्तू तयार करणे होय. उशीचे अभ्रे, पांघरुणे, आसने, पायपुसणी, गरम पाण्याच्या पिशवीची आवरणे, लहान मुलांच्या टोप्या व मोजे या वस्तू या पद्धतीने प्रामुख्याने तयार केल्या जातात. महाराष्ट्रात या प्रथेचे नाते गोधडी शिवण्याच्या जुन्या परंपरेशी आहे. मात्र गोधडी मुख्यतः सुती कापडाची असते आणि विणलेल्या लोकरी कपड्याचे गुणधर्म तिच्या कापडाहून बरेच वेगळे असतात.

मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरचे कापड, बाज, टोपली आणि स्वेटर या सर्वांना चालते. त्यामुळे दोन भिन्न रचनांची गल्लत होऊ शकते. मागावर विणलेल्या कापडात उभे व आडवे असे दोन वेगळे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. धनगर समाजातील कारागीर दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून जी घोंगडी बनवतात ती या प्रकारची. सुयांवर विणलेल्या स्वेटरमध्ये मात्र एकच सलग धागा फासांच्या रूपाने एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात असतो. हा फरक पुनर्वापराच्या दृष्टीने निर्णायक आहे. घोंगडी फाटली तर तिला ठिगळ लावता येते, पण तिचा धागा परत मिळत नाही. स्वेटर मात्र जवळजवळ पूर्णपणे धाग्यात परत नेता येतो.

पार्श्वभूमी

सुयांवरचे विणकाम महाराष्ट्रातील पारंपरिक हस्तव्यवसाय नव्हे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आणि नंतर मुलींच्या शाळा यांतून शिवण-भरतकामासोबत ते मध्यमवर्गीय घरांत आले. बाळंतविड्यात दुपटी, कुंची, टोपडी यांच्या जोडीला हाताने विणलेला लहान स्वेटर आणि पायमोजे येऊ लागले आणि पुढे ती रीतच झाली. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात देशभरातील स्त्रियांनी सीमेवरील जवानांसाठी स्वेटर व मोजे विणले. त्या पिढीत विणकाम शिकलेल्या अनेक घरांमध्ये लोकर ही दरवर्षी नव्याने विकत आणण्याची वस्तू नव्हती. मुलाचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा, थोडी नवी लोकर जोडायची आणि धाकट्या भावंडासाठी वेगळ्या रंगाच्या पट्ट्यांचा स्वेटर विणायचा, हा क्रम सर्वसाधारण होता. बाही व कड यांना वेगळा रंग असलेले त्या काळातील कित्येक स्वेटर हौसेपेक्षा लोकर कमी पडल्यामुळे तसे झालेले असत.

जगात इतरत्र हीच प्रथा टंचाईच्या काळात सरकारी धोरणाचा भाग बनली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले व ते १९४९ पर्यंत चालले. ‘मेक डू अँड मेंड’ या सरकारी मोहिमेतून नागरिकांना जुने कपडे दुरुस्त करण्याचे आणि जुन्या स्वेटरची लोकर उसवून पुन्हा विणण्याचे मार्गदर्शन करण्यात आले. औद्योगिक पातळीवरील पुनर्वापर त्याहून जुना आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातण्याची पद्धत विकसित केली. या कापडाला ‘शॉडी’ असे नाव पडले. पुढे इंग्रजीत या शब्दाला ‘हलक्या प्रतीचे’ असा अर्थ चिकटला, तो या कापडामुळेच. आज भारतात हरियाणातील पानिपत हे या व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. परदेशांतून येणारे जुने लोकरी कपडे तेथे रंगांनुसार वेगळे करून, बटणे व चेन काढून, पिंजून त्यांचे सूत काढले जाते. त्यापासून बनणारी स्वस्त ब्लँकेटे आपत्तीग्रस्तांना वाटण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.

वऱ्हाड आणि मेळघाट

अमरावती व अकोला हे जिल्हे कापसाचे. लोकरीचे प्रयोजन येथे वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने असते आणि उरलेला काळ उबदार कपडे पेटीत राहतात. याला अपवाद सातपुड्याच्या रांगेतील मेळघाटाचा. चिखलदरा व धारणी या दोन तालुक्यांचा हा प्रदेश. समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवरील चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण आहे. धारणी हे तालुक्याचे गाव त्यामानाने बरेच खाली, गाविलगडच्या डोंगरांच्या उत्तरेस तापीच्या खोऱ्यात आहे. येथील उन्हाळा वऱ्हाडासारखाच कडक असला, तरी डिसेंबर-जानेवारीत जंगलाने वेढलेल्या दऱ्यांतील गावांत रात्री व पहाटे कडाक्याची थंडी पडते. लोकसंख्येत कोरकू आदिवासी बहुसंख्य आहेत.

अमरावती, अकोला यांसारख्या शहरांत हिवाळ्याच्या तोंडावर तिबेटी विक्रेत्यांची उबदार कपड्यांची दुकाने लागतात. तेथील माल मुख्यतः लुधियानात यंत्रावर विणलेला असतो. हातविणीचे स्वेटर आता घराघरांतील जुन्या पेट्यांमध्येच अधिक सापडतात. मेळघाटातील गावांमध्ये हिवाळ्यापूर्वी शहरी संस्था, महाविद्यालये व मंडळे जुने उबदार कपडे आणि ब्लँकेटे नेऊन वाटतात. या वाटपात एक अडचण वारंवार येते. कसर लागलेले, कोपरांवर विरलेले किंवा आटून कडक झालेले कपडेही गठ्ठ्यांत येतात आणि ते अंगात घालण्याजोगे नसतात. असे कपडे पाठवण्याआधीच त्यांचे पांघरुणात किंवा टोपीत रूपांतर करणे हा त्यांचा अधिक योग्य उपयोग ठरतो. फाटका स्वेटर देणाऱ्याला दान वाटतो, घेणाऱ्याला मात्र तो फाटका स्वेटरच असतो.

मेळघाटाच्या संदर्भात उबेचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १९९० च्या दशकापासून हा प्रदेश कुपोषण व बालमृत्यूंमुळे सातत्याने चर्चेत राहिला आहे. कमी वजनाच्या नवजात बालकांना न्यूमोनिया आणि शरीराचे तापमान घटणे या दोहोंचा धोका अधिक असतो. धारणी तालुक्यातील बैरागड येथे अनेक वर्षे वैद्यकीय सेवा देणारे डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले. नवजात बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने उघड्या डोक्यातून बरीच उष्णता निघून जाते. म्हणून आईच्या उघड्या छातीशी बाळ धरण्याबरोबरच डोक्यावर टोपी घालण्याचा सल्ला दिला जातो. प्रौढ माणसाच्या एका स्वेटरमधून अशा अनेक टोप्या निघू शकतात. हा या पुनर्वापराचा बहुधा सर्वांत लहान आणि सर्वांत मोलाचा प्रकार आहे.

जुन्या वस्त्राला प्रतिष्ठा देणारे वऱ्हाडातील सर्वांत परिचित उदाहरण मात्र लोकरीचे नाही. संत गाडगेबाबा (जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अमरावती जिल्हा, मृत्यू २० डिसेंबर १९५६) यांचा वेश चिंध्या जोडून शिवलेला असे आणि त्यावरून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’, ‘चिंधेबुवा’ अशा नावांनीही ओळखत. बाबा परीट कुटुंबात जन्मले होते. कपडा धुऊन, सांधून शेवटपर्यंत वापरण्याची रीत त्यांच्या वेशात लोकांसमोर उभी असे.

धाग्याची परीक्षा

जुना स्वेटर हाती घेतल्यावर पहिला प्रश्न तो कशाचा आहे हा असतो, कारण पुढील सर्व कृती त्यावर ठरते. ‘लोकर’ या नावाने बाजारात मिळणारा बराचसा धागा प्रत्यक्षात ॲक्रिलिक या कृत्रिम तंतूचा असतो. हा तंतू १९५० च्या सुमारास अमेरिकेत व्यापारी प्रमाणात निघू लागला आणि नंतर भारतीय बाजारातही रुळला. तो स्वस्त व हलका असतो आणि त्याला कसर लागत नाही.

ओळखण्याची घरगुती पद्धत जाळून पाहण्याची आहे. शिवणीतून बोटभर धागा काढून, चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवतात. खरी लोकर हळू जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळत व भरभर जळते आणि मागे काळा, कठीण मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे दिसू शकतात.

या परीक्षेचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. गरम भांडे उचलण्याची फडकी किंवा तव्याखालचे आसन ॲक्रिलिकच्या स्वेटरमधून बनवू नये. उष्णतेने धागा मऊ होऊन वितळतो आणि कातडीला चिकटल्यास खोल भाजते. चुलीजवळ वावरणाऱ्या घरात तर या वस्तूंसाठी केवळ खरी लोकर किंवा जाड सुती कापडच योग्य आहे.

उसवणे

सर्वच स्वेटर उसवण्यालायक नसतात. हाताने विणलेल्या स्वेटरची पाठ, पुढचा भाग व बाह्या स्वतंत्रपणे आकारात विणून नंतर सुईने जोडलेल्या असतात आणि त्यामुळे प्रत्येक भागातून सलग धागा मिळतो. यंत्रावरील स्वस्त स्वेटर मात्र अनेकदा विणलेल्या तयार कापडातून कापून शिवलेले असतात. शिवण उलटून पाहिली असता कडेला दोऱ्यांची दाट गुंफण दिसली, तर ओळीच्या टोकाशी धागा कापलेला आहे असे समजावे. तो उसवल्यास हातभर लांबीचे तुकडेच हाती येतात.

प्रथम शिवण सोडवतात. हे काम कात्रीपेक्षा बोथट सुईने करणे चांगले, कारण शिवणीचा धागा व विणीचा धागा बहुधा एकाच रंगाचा असतो आणि चुकून विणीचा फास कापला गेला तर तेथून पुढे धागा तुटत राहतो. भाग सुटे झाल्यावर ज्या टोकाला विणकाम संपवून टाके बंद केले असतील त्या टोकापासून सुरुवात करतात. भारतीय घरांतील बहुतेक स्वेटर खालच्या कडेपासून वर विणलेले असल्याने हे टोक खांद्याशी किंवा गळ्याशी सापडते. खालच्या कडेकडून उसवण्याचा प्रयत्न केल्यास, विशेषतः सुलट-उलट टाक्यांच्या पट्टीत, धागा प्रत्येक फासात अडकतो. कोपर, काख आणि मनगट या घासणाऱ्या जागांवरील धागा विरलेला असतो. तो वेगळा काढून भरणासाठी ठेवला जातो.

उसवलेला धागा नागमोडी असतो. त्याच अवस्थेत विणल्यास टाके असमान येतात आणि पहिल्या धुण्यानंतर वस्तूचे माप बदलते. म्हणून तो लगेच गुंड्यात न गुंडाळता खुर्चीच्या पाठीभोवती किंवा समोर बसलेल्या कोणाच्या पसरलेल्या दोन्ही हातांवर लडीच्या रूपात घेतात. जुन्या घरांत हे हात बहुधा घरातल्या मुलांचे असत आणि त्यांची त्याबद्दलची नाराजी ठरलेली असे. लडीला चार ठिकाणी सैल गाठी बांधून ती कोमट पाण्यात, सौम्य साबणात भिजवतात, न पिळता पाणी काढतात आणि खाली हलके वजन लावून सावलीत टांगतात. वाळल्यावर धागा बराचसा सरळ होतो. खऱ्या लोकरीत हा बदल चांगला दिसतो. ॲक्रिलिकमध्ये तो कमी असतो आणि फार गरम पाणी वापरले तर धागा लुळा पडून त्याचा फुलोरा कायमचा जातो.

जुना धागा नव्यापेक्षा बारीक व कमजोर झालेला असतो, म्हणून दोन पदर एकत्र घेऊन किंचित जाड सुयांवर विणण्याची पद्धत आहे. एका प्रौढ स्वेटरमधून साधारण अर्ध्या किलोच्या आसपास धागा निघतो. विरलेला भाग वगळता त्यात बाळाचे पांघरूण किंवा टोप्या-मोज्यांचे काही जोड होतात. निरनिराळ्या स्वेटरचे धागे असतील तर क्रोशाच्या सुईने लहान चौकोन विणून ते जोडणे सर्वांत सोयीचे असते, कारण त्यात रंग न जुळणे हा दोष राहत नाही.

उसवण्यात मूळ वीण नाहीशी होते, हे मात्र ध्यानात घ्यावे लागते. आजीने किंवा आईने विणलेला, गुंतागुंतीच्या नक्षीचा स्वेटर उसवून मिळणारी लोकर बाजारात सहज विकत मिळते, पण ती वीण मिळत नाही. अशा कपड्यासाठी पुढील दोन पद्धती अधिक योग्य आहेत.

आटवणे आणि कापणे

विणलेले कापड सरळ कापले तर फास सुटत जातात. खऱ्या लोकरीच्या बाबतीत यावर उपाय म्हणजे ती मुद्दाम आटवणे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घर्षण यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि कापड आकसून जाड व घट्ट होते. नमदा याच गुणधर्मावर बनतो. चुकून गरम पाण्यात धुतलेला स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो तो याचमुळे, आणि तो पुन्हा मूळ मापावर येत नाही. आटवलेले कापड कात्रीने हव्या त्या आकारात कापता येते आणि कडा सुटत नाहीत. भांडे धरण्याची जाड फडकी, ताटाखालची आसने, घरात घालायच्या सपाता आणि चश्म्याच्या पिशव्या यासाठी ते उत्तम असते. धुण्याच्या यंत्रात चालावी म्हणून विशेष प्रक्रिया केलेली लोकर आणि ॲक्रिलिक आटत नाहीत.

न आटणाऱ्या कपड्याला कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिलाई यंत्रावर दाट टीप घालून मग मधून कापतात. उशीचा अभ्रा हा यातील सर्वांत सोपा प्रकार होय. समोरून बटणांचा स्वेटर असल्यास त्याच्या धडाचा चौकोन कापून तीन बाजू शिवल्या की बटणपट्टी आपोआप अभ्र्याचे तोंड बनते. अभ्रा उशीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लहानच शिवावा, कारण वीण ताणते आणि सैल अभ्रा लोंबतो. आतून सुती अस्तर लावल्यास ताण अस्तरावर येतो व वीण टिकते. बाह्यांपासून पाण्याच्या बाटलीचे किंवा गरम पाण्याच्या पिशवीचे आवरण होते. मनगटाची पट्टी तेथे गळपट्टीचे काम करते.

गोधडीतील वापर

महाराष्ट्रात जुन्या स्वेटरचा बहुधा सर्वाधिक खप गोधडीच्या आतल्या थरात झाला आहे, जरी तो बाहेरून दिसत नाही. वर व खाली जुन्या नऊवारी लुगड्याचा किंवा धोतराचा मऊ थर आणि मध्ये घरातील इतर जुने कापड अशी गोधडीची सर्वसाधारण रचना असते. थंड भागात या मधल्या थरात शाली व स्वेटर घातले जातात. विणीच्या फासांत हवा अडकून राहत असल्याने तेवढ्याच जाडीच्या सुती थरापेक्षा तो अधिक ऊब धरतो.

स्वेटर जसाच्या तसा घातल्यास गोधडीत गोळे होतात. त्याचे भाग सुटे करून, बटणे, चेन व जाड पट्ट्या काढून ते सपाट पसरावे लागतात आणि दोन भाग एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून कच्चे टाके घालावे लागतात. विणलेले कापड ताणले जाणारे असल्याने धावदोऱ्याच्या ओळी नेहमीपेक्षा जवळ घेतात. ओळी विरळ राहिल्या तर पहिल्याच धुण्यात आतला थर एका कोपऱ्यात सरकतो. अशी गोधडी ओली झाल्यावर फार जड होते व लवकर वाळत नाही. नवरात्रापूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. त्या वेळी पाऊस पुरता सरला नसेल, तर लोकरीचा थर आतून दमट राहून त्याला वास येतो. म्हणून अशा गोधड्या कडक उन्हात उलटसुलट करून वाळवाव्या लागतात.

जुन्या कापडापासून वस्तू तयार करण्याचे काम संघटितपणेही होते. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत स्थापन केलेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतील जुने कपडे गोळा करून ग्रामीण भागात पोहोचवते आणि न वापरण्याजोग्या कापडापासून आसने, दप्तरे व गोधड्या बनवते. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातील शहरांत जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणी हे काम त्याहून कितीतरी आधीपासून, कोणत्याही पुरस्काराविना करत आल्या आहेत. त्यांनी गोळा केलेले कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकले जातात.

जतन

खऱ्या लोकरीचा मुख्य शत्रू कसर होय. कपड्यांतील पतंगाच्या व काही भुंगेऱ्यांच्या अळ्या लोकरीतील केरॅटिन हे प्रथिन खातात. घामाचे व अन्नाचे डाग असलेला भाग त्या आधी खातात, म्हणून कपडा न धुता पेटीत ठेवणे सर्वांत घातक असते. वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या हे प्रचलित उपाय आहेत. नवजात बालकाच्या कपड्यांत व पांघरुणांत मात्र डांबरगोळ्या ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफांमुळे काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. जुन्या पेटीतील लोकर बाळासाठी वापरायची असल्यास ती आधी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उघड्या हवेत राहू द्यावी लागते. बाळाच्या वस्तूंना सुटी बटणे, लोंबती नाडी किंवा बोटे अडकतील अशी मोठ्या छिद्रांची वीण नसावी.